आपला फॉर्म आपणच भरायचा



'उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्याचे मार्ग' हा विषय प्राचार्य सरांनी मला पत्रातून कळवला होता. मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम पाहते, त्यामुळे विषय हातचाच आहे. बोलणार आहेच. पण मघाशी ग्रंथालयावरून येताना आत डोकावले आणि मनात दुसरंच सुरू झालं.

या कॉलेजात मी 'कमवा व शिका' योजनेची विद्यार्थिनी होते. दुपारी तास संपले की खळीचा डबा घेऊन ग्रंथालयात बसायचं आणि नव्या पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठी जरा तिरकी लागली तर ग्रंथपाल सर ती ओल्या फडक्याने काढायला लावत. सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, आजही मी कर्जाच्या फायलीत कागद तिरका लागू देत नाही. काम झालं की हजेरीच्या वहीत तास मांडायचे, सही करायची, आणि महिनाअखेरीला जे पैसे मिळत त्यातून मेसचं बिल द्यायचं. त्या बिलाचे पैसे मी वडिलांकडे कधी मागितले नाहीत. चिठ्ठ्या लावता लावता मी जेवढं वाचलं, तेवढं अभ्यासक्रमात नव्हतं.

ही आपल्या रयत शिक्षण संस्थेची रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे आपल्या अण्णांनी, १९१९ साली काले गावात संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथल्या मुलांच्या तोंडचा घास थांबू नये म्हणून अण्णांच्या पत्नी रयतमाउली लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पुढे १९४७ साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा व शिका'वर उभं राहिलं. मुलांनी मदत घ्यावी, पण ताठ मानेने घ्यावी, हा अण्णांचा आग्रह होता. बाबासाहेब आंबेडकरही १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. त्या करारावर त्यांनी सही केली. मदत मागण्यात कमीपणा असता, तर या दोन गोष्टी घडल्याच नसत्या.

आता विषयाचं थोडक्यात सांगते. क्रम लक्षात ठेवा: आधी शिष्यवृत्ती, मग काम, आणि कर्ज सगळ्यात शेवटी. महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची मर्यादा आहे. घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि मुलींनो, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. कर्जच काढावं लागलं तर साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं, तेवढं सही करताना विचारून घ्या.

योजनांचं एवढं पुरे. खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मी रोज काउंटरवर पाहते. मुलगा येतो, "मॅडम, स्कॉलरशिप आली नाही" म्हणतो. फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा? सायबर कॅफेवाल्या दादाचा. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. एका मुलीचे पैसे शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्यात पडून होते, कारण आधार त्याच खात्याला जोडलेलं होतं. त्या खात्याचं पासबुक कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि इकडे ती मैत्रिणींकडून उसने पैसे घेऊन परीक्षा फी भरत होती. पहिल्या वर्षी फॉर्म भरला म्हणजे तीन वर्षांचं काम झालं, असं कितीतरी जण समजतात. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे: आपला फॉर्म आपण भरा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला आपण जा. सेतू केंद्राच्या रांगेत आपण उभे राहा. घरात वर्षाला किती येतात, किती जातात, हे वडिलांना विचारा. वयाच्या अठराव्या वर्षी मतदान करता येतं, मग आपल्या फीचा आकडा आपल्याला तोंडपाठ का नसावा? ज्याने स्वतःचा फॉर्म भरलाय, त्याला पुढे कुठल्याही ऑफिसात कुणी सहज फिरवू शकत नाही.

उजवीकडे बसलेल्या आयांना एक विनंती. जून आला की बांगड्या, गंठण घेऊन सोनेतारणाला येणाऱ्या बायका मी दरवर्षी पाहते. त्यातल्या कितीजणींच्या मुलांनी शिष्यवृत्तीचा अर्जच केलेला नसतो. डब्यातलं सोनं काढण्याआधी मुलाला विचारा, "अर्जाची पोच दाखव." पोच हातात पडेपर्यंत डबा उघडू नका.

शिष्यवृत्ती खिडकीवरचे भाऊसाहेब मागे उभे आहेत. जुलैत त्यांना जेवायला उसंत मिळत नाही, हे मला माहीत आहे. प्राचार्य सर, माझा प्रस्ताव असा आहे. जूनपासून ग्रंथालयात एक टेबल मांडा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं तिथे बसतील, पहिल्या वर्षाच्या मुलांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने फॉर्म भरून घेतील, आणि या कामाचे तास 'कमवा व शिका'च्या वहीत धरले जातील. सर, पहिल्या आठवड्यात मी रजा टाकून त्या टेबलावर बसायला येते. तारीख तेवढी कळवा.