आजच्यापुरती भाकर

देवावर भरंवसा ठेवावा, हें प्रत्येक ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानांवर पडतें. परंतु भरंवसा ठेवणें म्हणजे नेमकें काय करणें, याचा विचार क्वचितच होतो. कोणी तो केवळ संकटसमयीं आठवतो, तर कोणी त्याच्या नांवाखालीं हातपाय न हालवितां बसून राहतो. या दोन्ही समजुतींनीं जीवनाची हानीच होते.

प्रभूनें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तींत वर्षाच्या धान्याची मागणी नाहीं. आजच्या भाकरीची आहे. अरण्यांत इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना लोभानें सांठवून ठेविला, तर तो नासून जाई. देवावर अवलंबून राहणें हें एकदांच करून ठेवण्याचें कृत्य नसून तें रोज सकाळीं नव्यानें करावयाचें असतें, हाच या दोन्ही गोष्टींचा बोध होय.

याचें उदाहरण पाहावयास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणलें. अमेरिकेंतील हितचिंतकांच्या एका मंडळानें त्याच्या खर्चाचा भार दहा वर्षांपुरता उचलला होता. ती मुदत संपल्यावर शाळा चालावी म्हणून बाईंनीं पुण्याजवळ केडगांवास जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. देवावर विसंबणारी ही स्त्री बेफिकीर नव्हती.

पण १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, आणि सारे हिशेब अपुरे ठरले. बाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारें ३०० मुलींना मृत्यूच्या दारांतून घेऊन आल्या. भुकेची ओळख त्यांना पुस्तकांतून झालेली नव्हती. कोवळ्या वयांत दुष्काळांतच त्यांनीं आई, वडील व थोरली बहीण गमाविली होती. ब्रिस्टल येथें कोणाही मनुष्यापाशीं पैसा न मागतां हजारों अनाथ मुलांचें पालन करणारे जॉर्ज म्यूलर आणि चीन देशांत सेवा करणारे हडसन टेलर यांचीं चरित्रें त्यांनीं वाचलीं होतीं. त्यांची हांक ऐकणारा देव हिंदुस्थानांतील एका विधवेची हांक ऐकेल कीं नाहीं, हें पाहण्याची वेळ आतां आली.

१९०० च्या सुमारास गुजरातेंतही दुष्काळ पडला. त्यानंतर केडगांवच्या मुक्तिसदनांत सुमारें २००० जीव राहूं लागले. तेथें प्रार्थना झाली, तशाच विहिरीही खणल्या गेल्या. देवाजवळ धान्य मागितलें, तशी जमीनही नांगरली. मुली विणकाम, शिवणकाम व छापखान्याचें काम शिकल्या. बाईंचा भरंवसा श्रमांच्या जागीं आलेला नव्हता; तो श्रमांच्या मुळाशीं होता. वेलापासून तुटलेल्या फांदीला फळ येत नाहीं हें खरें. पण वेलाला जोडलेली फांदी फळ दिल्यावांचून राहात नाहीं, हेंही तितकेंच खरें.

येथें कोणी विचारील, भरंवसा ठेवणाऱ्याला मागितलेलें सर्व कांहीं मिळतें काय? रमाबाईंचा चरित्रक्रम तसें सांगत नाहीं. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांचा उजवा हात होती. आईच्या मागें तीच हें कार्य चालवील, असें वाटत असतां १९२१ च्या जुलैमध्यें ती वारली. दुष्काळांत जो भरंवसा टिकला, त्याची खरी कसोटी या घरच्या दुःखांत लागली. धान्य आलें, पैसा आला. पण जें एक मातेचें हृदय मागत होतें, तें मिळालें नाहीं. तरीही हातांतील काम सुटलें नाहीं. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या माणसांना कळेल अशा मराठींत बायबल आणण्याचा उद्योग त्यांनीं अखेरपर्यंत चालविला. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें; तें पाहण्यास त्या नव्हत्या. त्यांनीं आरंभिलेलें मुक्ति मिशन मात्र केडगांवीं आजही चालू आहे.

जो केवळ स्वतःच्या सांठ्यावर जगतो, त्याची मूठ नेहमीं मिटलेली असते. कारण सांठा सरण्याचें भय त्याला सोडीत नाहीं. जो रोज देवापुढें हात पसरतो, त्याचाच हात शेजाऱ्यासाठीं उघडा राहूं शकतो. जीवनाला अर्थ येतो तो येथून.

प्रत्येकाच्या दारीं दोन हजार अनाथ येत नाहींत. कोणाच्या घरीं आजारी वृद्ध असतो, कोणाला मुलाच्या शिक्षणाची चिंता असते, कोणाचें शेत पावसाची वाट पाहात असतें. श्रोतेहो, पुढील वर्षाची हमी मागण्याआधीं सकाळीं आजच्यापुरतें बळ मागावें. दिवसभर तें कामीं लावावें. आणि रात्रीं जें राहिलें असेल, तें देवाच्या स्वाधीन करून निजावें. उद्यां सकाळीं पुन्हां मागावयाचें आहेच.