शाळेच्या अंगणातील पेरू

(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे एका अगदी परिचित झाडाविषयी बोलणार आहे. ते झाड म्हणजे पेरू. आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाला मान आहे, डाळिंबाला भाव आहे. पेरू मात्र परसात, मोरीच्या पाण्यावर वाढतो आणि म्हणूनच तो कोणाच्या हिशेबात नसतो. सहज मिळणाऱ्या वस्तूची किंमत राहत नाही, हा व्यवहार झाला. शिक्षकाने तो मान्य करून चालणार नाही.

प्रथम हे झाड मुलांना नीट पाहू द्यावे. पेरू मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. तो सदाहरित असून छाटणीत ठेवल्यास झुडपाएवढाच राहतो. जांभूळ, लवंग व निलगिरी हे त्याचे सगोत्र; या कुळास शास्त्रज्ञ मिर्टेसी म्हणतात. कुळाची खूण मुलांस स्वतः शोधता येते. पान उजेडासमोर धरले असता त्यात तेलाचे सूक्ष्म ठिपके दिसतात आणि चुरगळले असता वास येतो. समोरासमोरची पाने, सोलून निघणारी गुळगुळीत साल, पांढऱ्या फुलातील पुंकेसरांचा झुबका आणि फळाच्या टोकाशी टिकून राहिलेली निदलपुंजाची पाकळी, एवढा धडा एका झाडाखाली पुरा होतो. विदर्भ-खानदेशाकडे यालाच जाम अथवा जांब म्हणतात. मुलाने घरचा शब्द उच्चारला तर तो चुकीचा ठरवू नये. दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाची बालके पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. जे मूल आपणांस मंद वा आळशी वाटते, ते कित्येकदा केवळ अशक्त असते. पेठ-सुरगाण्याची नागली असो की येवला-सिन्नरची बाजरी, भाकरीत लोह असते. पण धान्यातील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि चहाबरोबर भाकरी खाल्ली तर कमी. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या चौपटीच्या आसपास. प्राथमिक शाळेतील मुलाची दिवसाची गरज अर्ध्या पेरूत भागते. हे जीवनसत्त्व उष्णतेने व चिरून ठेवल्याने कमी होते; म्हणून फळ ताजे, धुऊन, सालीसकट आणि जेवणाबरोबरच द्यावे.

येथे एक अडचण येते. ‘पेरूने सर्दी होते’ असे म्हणून घरोघरी हिवाळ्यात मुलाच्या हातातून पेरू काढून घेतला जातो. गंमत अशी की, मृग बहाराचा गोड पेरू नेमका याच दिवसांत येतो. सर्दी ही संसर्गाने, एकाच्या शिंकेतून दुसऱ्यास होते, फळाने नव्हे. परंतु हे सांगताना आईची थट्टा करू नये. ती मुलाच्या काळजीनेच बोलत असते. पालकसभेत तिच्यासमोर मुलांनी शाळेच्या भोजनात पेरू खावा आणि आठवडाभर तिने स्वतःच पाहावे, हा मार्ग बरा. पावसाळी फळात फळमाशीच्या अळ्या असतात, म्हणून ते फोडून पाहून खावे, हेही सांगावे. तसेच पेरू हे औषध नव्हे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी व जंतनाशक गोळी चुकवू नये.

ज्या शाळेस कुंपण व पाणी आहे, तिने परसबागेत दोन-तीन कलमे लावावीत. बियांपासून झालेली रोपे एकसारखी निपजत नाहीत. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली बियांच्या रोपांतूनच एक उत्तम रोप निवडले. तेच लखनौ-४९, म्हणजे आजचा ‘सरदार’ पेरू. त्याचे गुण टिकवावयाचे तर गुटी अथवा दाब कलमच हवे. द्राक्षबागेत वाढलेल्या मुलांना कलम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे त्यांनाच बोलू द्यावे. पहिलीत असताना लावलेल्या कलमाची फळे ते मूल चौथीत जाईपर्यंत खाऊ शकते.

मात्र एक विनंती आहे. ही फळे पाहुण्यांच्या सत्कारासाठी राखू नयेत आणि पाखरांनी खाल्ली म्हणून मुलांवर आळ घेऊ नये. वाटणीची वही मुलांकडेच असावी. वर्गात जे मूल मागे बसते आणि लवकर थकते, त्याचे नाव त्या वहीत सुटणार नाही, एवढे मात्र आपण स्वतः पाहावे.