परतीपासून आंखलेली सफर

थायलंडच्या पश्चिमेस, अंदमान समुद्रांत, सिमिलान हा लहानसा द्वीपसमूह आहे. १९८२ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून बुडी मारणारे हौशी पाणबुडे तेथें चार-चार दिवस नौकेवरच मुक्काम करून बेटामागून बेट पाहत जातात. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पावसाळ्यामुळें उद्यान बंद असतें. तेव्हां हंगाम ठरविणें सोपें. कठीण असतो तो तासांचा हिशेब.

पाण्यांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखालीं श्वासांतील नायट्रोजन रक्तांत विरघळतो. मनुष्य सावकाश वर आला, तर तो श्वासावाटें निघून जातो. घाई केली, तर सोडावॉटरची बाटली उघडावी त्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, प्रसंगीं पायही लुळे पडतात. रोजच्या तीन-चार बुड्यांनीं हा सांठा अंगांत राहूं लागतो.

विमान उंच गेलें कीं भोंवतालचा दाब उतरतो, आणि तोच धोका पुन्हां उभा राहतो. अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, असा संकेत आहे. रविवारीं सकाळीं ८ ला विमान असेल, तर शनिवारीं दुपारीं २ च्या आंत शेवटची बुडी आटोपली पाहिजे. म्हणून उत्तरेकडील रिशेल्यू खडक शुक्रवारींच पाहून, शनिवारीं परतीची वाट धरावी लागते.

शनिवारीं दुपारीं पाणी निवळ असतें, नळकांडीं भरलेलीं असतात. नवखा हळहळतो, जाणता पोशाख वाळत घालतो.