बांध आणि भाऊ



ज्या नेवाशात माउलींनी साऱ्या जीवांच्या मैत्रीचं दान मागितलं, त्याच नेवाशाच्या कोर्टात सख्खे भाऊ वाटपाच्या तारखेला येतात. बापाचं तेरावं झालं की बांधावर भांडण उभं राहतं.

वाटणी तुकोबारायांच्या घरीही झाली. सावकारीची खतं निम्मी निम्मी झाली. आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. कान्होबांच्या वाट्याला हात लावला नाही. सोडायचं ते आपलं, दुसऱ्याचं नव्हे.

आपण उलटं करतो. बहिणीला बोलवायचं, साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच आहे. राजीखुशीनं सोडला तर तिचा मोठेपणा. मागितला तर तिचा हक्क. त्यापायी तिचं माहेर तोडू नका.

तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्या. एकही नाव लपवू नका. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव चढलं म्हणून जमीन एकट्याची होत नाही.

बांध फूटभर सरकवला तर मूठभर दाणे वाढतील; भाऊ मात्र जन्माचा तुटेल. म्हणून पंढरीची वाट धरण्याआधी भावाच्या दारी जाऊन या.

रामकृष्ण हरी!