जन्माची नोंद कोठे शोधाल?
(कुंभारी येथील भाषण)



२००६ साली कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरकुले झाली आणि सोलापुरातली कितीतरी कुटुंबे येथे आली. पत्ता बदलला, जन्माची नोंद मात्र जागची हलत नाही. मूल शहरातल्या दवाखान्यात जन्मले असेल तर नोंद महानगरपालिकेत, येथे घरी जन्मले असेल तर ग्रामपंचायतीत. आजोबा एखाद्या खेड्यात जन्मले असतील तर त्या तालुक्याच्या तहसील कचेरीत जुने कोतवाल बुक मागा. त्यांच्या शाळेचे जनरल रजिस्टरही पाहा.

शोधताना एकाच नावावर अडून बसू नका. मोहम्मद, महंमद, महमद, नुसते ‘म.’, लिहिणाऱ्याच्या कानाने ऐकले तसे त्याने लिहिले. पुढे त्या एका अक्षरापायी मुलीची शिष्यवृत्ती अडते. कित्येक नोंदींत तर मुलाचे नावच नसते! ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येते; पहिल्या वर्षी फीसुद्धा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा घरातले धाकटे आधी पाहा.

आणि नोंद सापडलीच नाही, तर नुसत्या ‘नाही’वर परत येऊ नका. अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागून घ्या. पुढचा अर्ज त्यावरच चालतो.