मातापित्यांना द्यायचे, पण कसे?



वृद्ध मातापित्यांकडे मुले पाहत नाहीत, ही तक्रार आपल्या कानांवर नेहमीच पडते. आजचा विषय नेमका उलटा आहे. मुले द्यायला तयार आहेत आणि मातापिता घ्यायला तयार नाहीत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशी घरे गावोगाव आढळतील. मुलगा हिंजवडीत किंवा चिंचवडला नोकरीस, सूनही कमावती. गावी वडील सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यांनी जेरीस आलेले, तरीही रात्री-अपरात्री वीज आली की उसाला पाणी द्यायला निघणारे. मुलाने पैशाचा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते : "आम्हाला काय कमी आहे? आधी तुमच्या फ्लॅटचे हप्ते फेडा."

याला म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या भागातील पिढी घडली कशी, ते पाहावे. नीरेच्या कालव्याचे पाणी, त्यावर ऊस आणि उसावर उभे राहिलेले माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने. शेअर ज्याच्या नावे, उसाचे बिल त्याच्या खात्यावर आणि वार्षिक सभेत मानही त्यालाच. त्या बिलातूनच त्याने मुलांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने लावली. दरमहा ठरावीक रक्कम म्हणजे त्याच्या हिशेबी पगार. आणि पगार त्याने गड्यांना दिला आहे, कोणाकडून घेतलेला नाही. मुलाच्या पाच हजारांत त्याला मदत दिसत नाही. घरातील कर्तेपण सुटल्याची खूण दिसते.

दुसरे कारण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. पैसे घेतले की उद्या सही मागितली जाईल, ही धास्ती. उजनीच्या जलाशयाखाली पळसदेवसारखी इंदापूर तालुक्यातील गावे गेली. कागद आणि जमीन यांचे नाते काय असते, हे ज्यांनी तेव्हा पाहिले त्यांना आज सातबारा उशाशी ठेवावासा वाटला, तर नवल नाही. म्हणूनच पैशाचा आणि वाटणीचा विषय एकाच बैठकीत कधीही काढू नये.

आपल्याकडे पितृऋणाचा उल्लेख फार सैलपणे होतो. तैत्तिरीय संहितेत ते ऋण संततीने फिटते असे सांगितले आहे. दरमहाच्या रकमेने फिटते असे नाही! तरीही 'ऋण' हा शब्द येथे उपयोगी आहे. ऋण फेडणारा उपकार करीत नसतो. तो सावकाराच्या दारी स्वतः जातो आणि त्याच्या सोयीने फेडतो.

मग सोय कोणती? सोसायटीचे पीककर्ज पाहा. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तर महाराष्ट्रात व्याजाचा भार शेतकऱ्यावर पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा नियम आहे, पण बिल रखडल्याचा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही. मुलाने नेमकी ही खिंड भरून काढावी. वडील त्याला उसनवार म्हणतील; म्हणू द्यावे. बिल आल्यावर ते पैसे परत करू लागले, तर "राहू द्या हो" असे म्हणून त्यांचा हात मागे लोटू नये. मोजून घ्यावेत. पुढच्या वर्षी ते आपणहून सांगतील. घेण्याची लाज अशीच ओसरते. पाणी द्यायला गडी ठेवायचा असेल, तर त्याची मजुरीही वडिलांच्याच हातून जावी.

वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची घरे थोडी निराळी. तेथे शेतीचा आधार असेलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले, तेही एक हजार रुपये. तेथे औषधांच्या दुकानातील उधारीची वही मुलाने परस्पर मिटवावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२४पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार उपलब्ध झाले. ते कार्ड काढून देणे हीदेखील सेवाच. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. चष्मा, दात, रोजच्या गोळ्या यांचा खर्च उरतोच.

२००७च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागून मुलांकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. तो न देणाऱ्यांसाठी आहे. न घेणाऱ्यांवर त्याचा इलाज नाही. पण त्यातील कलम २३ प्रत्येक घराने वाचावे. बक्षीसपत्रानंतर सांभाळ झाला नाही, तर ते रद्द करून घेता येते. मात्र सांभाळाची अट असावी लागते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावला, तरी अट कागदावर स्पष्ट लिहिलेली बरी. ती लिहिण्याचा आग्रह मुलानेच धरला, तर वडिलांची निम्मी धास्ती तेथेच संपेल.

राहिली आई. तिच्या नावावर बहुधा ना शेअर, ना सातबारा. वडील घेत नाहीत म्हणून तीही घेत नाही, आणि तिची गरज कोणाला कळतही नाही. माहेरच्या लग्नातला आहेर, नातवाचा खाऊ, पंढरीचा प्रवास, यांसाठी तिने कोणाकडे हात पसरावा? तिच्या एकटीच्या नावाचे खाते असावे. ते उघडायला सुनेने बरोबर जावे. पासबुक मात्र सासूबाईंच्याच कपाटात राहावे आणि त्यातील खर्चाचा हिशेब कोणी विचारू नये.