लॉर्ना : कोंकणी गीताचा एक आवाज

गोव्यात लग्नाच्या मांडवात बॅण्ड वाजू लागला की काही कोंकणी गीते हटकून होतात. ‘बेब्दो’ हे त्यांपैकी एक. बेब्दो म्हणजे दारुडा. हे गीत ज्या आवाजाने घरोघरी नेले, तो आवाज बार्देशातील साळगावच्या लॉर्ना कॉर्देरो यांचा.

लॉर्ना यांचा जन्म १९४६ सालचा. त्यांची कला बहरली ती मात्र मुंबईत. त्या काळी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंद बहुतांशी गोमंतकीय वादकांच्या भरवशावर चालत. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन शिकविले जाई. तीच विद्या पुढे पोटापाण्याच्या कामी आली. यांतले कित्येकजण रात्री हॉटेलात जॅझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील (१९५१) गीतांमागे हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांचाही हात होता, हे मराठी रसिकांस सहसा ठाऊक नसते.

याच वर्तुळात मडगावच्या बोर्डा भागातील क्रिस पेरी (१९२८-२००२) हे ट्रम्पेटवादक व संगीतकार होते. लॉर्ना त्यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागल्या तेव्हा त्यांनी विशीही नीटशी ओलांडलेली नव्हती. इंग्रजी गीते गाणाऱ्या गायिका त्या वेळी पुष्कळ होत्या. पेरी यांनी जॅझची लय कोंकणी शब्दांना दिली, आणि हे धाडसच म्हटले पाहिजे, कारण कोंकणी ही तोवर अनेकांच्या लेखी घरात बोलण्याची भाषा होती, हॉटेलातील रंगमंचाची नव्हे. ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचोंया कुंपासार’ ही त्या जोडीची गीते. ‘कुंपास’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचा अर्थ ताल. लॉर्ना यांचा आवाज भरदार आणि काहीसा खरखरीत. त्या शब्द तालाच्या किंचित मागे ठेवीत आणि ट्रम्पेटने त्याला उत्तर द्यावे, अशी ती रचना असे. ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि मुंबईच्या हॉटेलाची पायरी कधी न चढलेल्या गावकऱ्यांनाही ही गीते पाठ झाली.

सत्तरच्या दशकात हे दोघे विभक्त झाले. त्याविषयी आजवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. लॉर्ना गाण्यापासून दूर गेल्या त्या जवळजवळ दोन दशके. ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. रचना, वाद्यवृंद, कार्यक्रम हे सारे दुसऱ्याच्या हाती असले, म्हणजे उत्तम कंठ असूनही गायिकेस उभे राहावयास जागा उरत नाही. दरम्यान तिकडे गोव्यात त्यांची गीते लग्नांतून व नभोवाणीवरून वाजतच होती.

१९९५ साली संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या पुढाकाराने ‘हॅलो लॉर्ना’ ही ध्वनिफीत निघाली आणि पणजीच्या मिरामार येथे त्या पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. तेव्हा वय पन्नाशीच्या जवळ आले होते. आवाज थोडा जाडावला होता, जोर तोच. ज्यांनी त्यांना केवळ ध्वनिमुद्रिकेवर ऐकले होते, अशी एक सबंध पिढी आता प्रत्यक्ष ऐकत होती.

बार्द्रॉय बार्रेतो यांच्या ‘नाचोंया कुंपासार’ (२०१४) या चित्रपटाने पेरी यांची जुनी गीते नव्याने वाजविली. त्यातील कथा या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेली आहे. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. कोंकणी न कळणारे प्रेक्षकही तो पाहून आले, आणि मग मूळ आवाजातील गीते शोधू लागले.